आत खोचलेल्या नाड्या

दाराला कडी घाल आणि तो मोठा दिवा मालव. कोपऱ्यातला छोटा पुरे. ज्याला मध्येच पाणी प्यायला उठायचं असेल त्याने आत्ताच उठा. नंतर स्वयंपाकघरात एकटं जायला कुणी तयार होत नाही आणि मग मलाच सोबत यावं लागतं. आणि तू, मागच्या खेपेला तू "हे काही खरं नाही" म्हणून मध्येच तोंड घातलं होतंस. या वेळी शेवटपर्यंत थांब, मग काय म्हणायचं ते म्हण.

हे माझ्यावर बेतलेलं नाही. माझ्या दुकानाला लागून एक मोची बसायचा, त्याच्या बाबतीत घडलंय. त्याने ते मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी विषय काढू दिला नाही. मी त्यात पदरचं काही घालणार नाही. जिथे तो थांबला तिथे मीही थांबेन.

मोचीचं दुकान म्हणजे एक माणूस आणि त्याचं सामान कसंबसं मावेल एवढी खोली. तिन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर दुरुस्त झालेले जोड ओळीने मांडलेले. प्रत्येक बुटाच्या नाड्या आत, बुटाच्या तोंडात खोचलेल्या. लोंबत्या ठेवल्या की एकमेकींत अडकतात आणि एक जोड काढायला जावं तर चार डोक्यावर पडतात, म्हणून ही पद्धत. गिऱ्हाईक आलं की नाड्या बाहेर काढायचं, पाय घालायचं आणि बांधून चालू लागायचं. मोचीच्या तोंडात कायम खिळे धरलेले असायचे, त्यामुळे बोलण्याची सोयच नव्हती. बूट काढायला सांगायचं असलं तर तो बुटाच्या टोकावर बोटाने दोनदा टकटक करायचा. लोक समजून घ्यायचे.

मान सदा खाली. रस्त्यात भेटलात तर तो आधी तुमचे पाय बघायचा आणि तिथूनच तुम्हाला ओळखायचा. कुणाच्या घरी गेला तर दाराबाहेरच्या चपलांवरून आत कोण कोण बसलंय ते सांगायचा आणि त्यावरून आपण आत जायचं की परत फिरायचं तेही ठरवायचा. स्वभावाने भयंकर संशयी. दूधवाला हसून बोलला तर आज पाणी जास्त घातलं असणार, असं त्याचं डोकं चालायचं. शेजारी बसून मी इतकी वर्षं काढली, पण माझ्या घरचा डबा त्याने कधी आधी मला खायला लावल्याशिवाय खाल्ला नाही. हसू नका, खरं सांगतोय.

त्याचा सगळ्यात जास्त संशय होता साडूवर. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला आम्ही सगळे रेडिओ म्हणायचो. हा माणूस नोकरीला होता वाचनालयात. दिवसभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसायचा आणि बाहेर पडला की दिवसाची सगळी थकबाकी चुकती करायचा. बसच्या रांगेत, दवाखान्यात, दाढी करून घेताना, कुठेही. मोची त्याला वैतागायचा. त्यात दोघांच्या सासूबाई थकत चालल्या होत्या, एकट्या राहत होत्या आणि त्यांनी आता कुणाकडे राहायचं हा विषय दोन्ही घरांत उन्हाळ्यापासून शिजत होता. मोचीचं घर म्हणजे दुकानाच्या वर दीड खोली. तिथे आणखी एक खाट टाकायची तर दार काढून ठेवावं लागलं असतं. पण हे साडूला सांगायची त्याला लाज वाटायची. थोरला जावई ना तो.

तर डिसेंबरातला शेवटचा शनिवार. गावाच्या मागच्या डोंगरावर हवामानखात्याची एक चौकी होती. एक माणूस हिवाळाभर तिथे राहून थंडी-वारा मोजायचा. त्याचे बूट नवीन सोल लावायला मोचीकडे आलेले होते, थंडी लवकर पडली आणि आता तो वर चपला घालून अडकून पडला होता. मोची म्हणाला, मीच नेऊन देतो. हे ऐकल्यावर रेडिओ लगेच, "भाऊ, मीही येतो. वरून बर्फाचे डोंगर दिसतात म्हणे."

मोचीच्या मनात आलं, याला डोंगर कधीपासून दिसायला लागले? नक्की सासूबाईंचं गळ्यात बांधायला येतोय. चढावर माणसाला दम लागतो, नाही म्हणायला तोंड उघडत नाही, तिथे गाठणार. पण सोबत नको कसं म्हणणार? उलट रेडिओचेही बूट त्याला सोल लावून द्यावे लागले. काळा दोरा संपला होता म्हणून पिवळ्या दोऱ्याने शिवले, टाचांना लोखंडी पट्ट्या मारल्या. रेडिओ ते घालून दुकानासमोर टकटक करत फिरला आणि म्हणाला, घोड्यासारखं वाटतंय.

मोचीच्या बायकोने सॅक भरून दिली. बॅटरी, लोकरी टोप्या, हातमोजे, काडेपेटी, चहाचा थर्मास. एकच सॅक, आळीपाळीने घ्यायची असं ठरलं.

दिवस मोठा सुंदर होता. गवतावर दहिवर गोठून पांढरं झालेलं, पायाखाली करकर वाजायचं. आभाळ इतकं स्वच्छ की खालच्या गावातल्या घरांची धुराडी मोजता आली असती. रेडिओ चढताना अखंड बोलत होता. वाचनालयात पुस्तकाची पानं कोण फाडतं, त्याच्या मुलीला गणितात किती पडले, थंडीत कानच आधी का गार पडतात. सासूबाईंचं मात्र अवाक्षर नाही. मोचीला हे जास्तच खटकलं. दबा धरून बसलाय, तो मनाशी म्हणाला.

चौकीवाल्याने बूट घातले, खोलीत चार फेऱ्या मारल्या, खूश झाला. महिनाभर माणूस न पाहिलेला चौकीवाला आणि रेडिओ, मग काय विचारता. निघायला उशीर झाला. मोची सारखा खिडकीबाहेर बघत होता.

उतरताना वाटेत एक खडक बाहेर आलेला आहे, सज्ज्यासारखा. तिथे पोहोचले तेव्हा सूर्य टेकला होता आणि समोरचे, दरीपलीकडचे बर्फाचे डोंगर पेटले होते. मोची मला म्हणाला होता, "मी जन्मात मान वर करून काही बघितलं नाही, ते त्या दिवशी बघितलं." आधी पिवळे, मग तांब्याच्या भांड्यासारखे, मग गुलाबी. खाली दरीत निळी सावली वर वर चढत होती. रेडिओसुद्धा दोन मिनिटं गप्प होता. सॅक खाली ठेवून दोघं उभे राहिले. शेवटच्या शिखरावरचा उजेड गेला, सगळं राखेसारखं झालं आणि मग थंडीने चावा घेतला. दोघं झपझप निघाले.

खाली झाडी लागली. तिथे एक सपाट दगड आहे, दमलेली माणसं टेकतात तो. तिथवर येईस्तोवर पायाखालचं दिसेनासं झालं.

"बॅटरी काढ," मोची म्हणाला.

"काढा की," रेडिओ म्हणाला.

"सॅक तुझ्याकडे आहे."

"तुमच्याकडे आहे, भाऊ. वर येताना मी घेतली होती. उतरताना तुमची पाळी."

दोघांनी एकमेकांच्या पाठीकडे पाहिलं. सॅक सज्ज्यावर राहिली होती.

थोडी वादावादी झाली. मोचीचा गुडघा दुखत होता, म्हणून रेडिओ म्हणाला, "तुम्ही इथेच बसा. मी पटकन जाऊन येतो. हलू नका मात्र." आणि गेला. अमावस्या होती का? नव्हती. गोष्ट रंगवायची असती तर मी अमावस्याच सांगितली असती. तिच्यानंतरची दुसरी रात्र होती, चंद्राची कोर सूर्यापाठोपाठ बुडालेली. म्हणजे अंधार तेवढाच.

मोची दगडावर बसला. वरून रेडिओचा आवाज येत होता, स्वतःशीच काहीतरी बडबडत चढत होता. आवाज लांब गेला, बारीक झाला. आणि बंद पडला. विरून गेला असं नाही. वाक्याच्या मधोमध थांबला.

मोची वाट बघत राहिला. दगडातून थंडी वर चढत होती. आधी वाटलं, बोलून दमला असेल. मग वाटलं, चौकीवर परत जाऊन चहा पीत बसला असेल, मला इथे टाकून. मग वाटलं, घाबरवायला झाडामागे लपला असेल. संशयी माणसाला वेळ बरा जातो, त्याला करमणूक लागत नाही.

मग पट्ट्यांचा आवाज आला. टक. टक. टक.

बॅटरीचा उजेड झाडीतून खाली येत होता. उजेडाचं वर्तुळ जमिनीवर, त्यात दोन बूट. पिवळा दोरा लांबूनच चमकला. मोचीने आपला टाका ओळखला.

"आलास एकदाचा," तो म्हणाला आणि उठून पुढे चालू लागला.

उजेड मागून येत होता. मोचीची सावली पुढे लांबच लांब पडली होती. टक. टक. रेडिओ काही बोलला नाही. मोचीला वाटलं, सॅकवरून रागावलाय. बरं झालं. थोडा वेळ त्याने शांततेचा आनंद घेतला, हे त्यानेच मला सांगितलं.

पण शांतता लांबायला लागली. रेडिओ रुसला तरी तो रुसलाय हे अर्धा तास समजावून सांगणारा माणूस. मोचीचा संशय जागा झाला. आता काढणार, आता सासूबाईंचं काढणार, म्हणून तोंड शिवून बसलाय. शेवटी त्यालाच राहवेना.

"आईंचं काय ते बोलून टाक. त्यासाठीच आलायस ना?"

टक. टक.

"मी थोरला आहे, मला कळतं. पण माझ्याकडे जागा नाही रे. दीड खोली आहे. रात्री मुलगा अभ्यासाला जिन्यात बसतो. तुला सांगायची लाज वाटते म्हणून उन्हाळ्यापासून टाळतोय. मला आई नकोत असं नाही."

एवढं तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला असेल. तो थांबला आणि वाट बघू लागला.

मागचं पाऊलही थांबलं. पण... एक पाऊल उशिरा.

मोची पुन्हा चालू लागला. आता तो ऐकत होता. रेडिओचा उजवा पाय जरासा फरफटतो, ती टाच बाहेरून झिजते. दरवर्षी मोचीच ती बदलून द्यायचा. त्यामुळे रेडिओच्या चालीत एक टक मोठा आणि एक टक लांबलेला. आता दोन्ही सारखे होते. टक. टक. सारखे. घड्याळासारखे.

नवीन सोल आहेत, मोची मनाशी म्हणाला. नवीन सोलवर सगळे नीट चालतात.

मग त्याच्या ध्यानात आलं की मागच्याला दम लागलेला ऐकू येत नाही. आणि मग ध्यानात आलं की आल्यापासून आपण त्याचा चेहराच पाहिला नाही. बूट पाहिले. बूट ओळखले आणि उठून चालू लागलो.

मागे वळून बघायला काय लागतं? काही लागत नाही. त्याच्याच्याने वळवेना.

"तू पुढे हो," तो म्हणाला. "मला माझ्याच सावलीत... दिसत नाही."

तो वाटेच्या कडेला सरकला. उजेड शेजारून गेला. अंगाची ऊब नाही. श्वासाची वाफ नाही. वास आला... चामड्याचा आणि खळीचा. त्याच्या दुकानातला वास.

आता उजेड पुढे होता. वर्तुळात दोन बूट चालत होते. एक पुढे, एक मागे. मोची बघत राहिला. दुसरं काय बघणार? त्याची नजर सवयीने टाचेवरून वर गेली. शिवण. भोकं. नाड्या...

नाड्या बांधलेल्या नव्हत्या.

नाड्या आत होत्या. बुटाच्या तोंडात खोचलेल्या. फळीवर ठेवतात तशा.

समजलं का तुम्हाला? पाय असताना नाड्या तशा खोचता येत नाहीत. तिथे घोटा असतो.

त्याच्या वर काय होतं? मी विचारलं नाही. उजेड बुटाच्या तोंडापर्यंत होता, एवढंच तो म्हणाला.

मोचीला ओरडायचं होतं. ओरडला नाही. त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी आलं आणि ते आलं म्हणून त्याला मी माणूस म्हणतो. बूट इथे आहेत. मग साडू कुठे आहे? या थंडीत, गोठलेल्या गवतावर... अनवाणी. आपण एकेक पाऊल खाली टाकतोय आणि तो वर आहे.

तो थांबला.

पुढचे बूट थांबले.

वळले. टोकं त्याच्याकडे करून उभे राहिले.

उजेड हळूहळू जमिनीवरून सरकत आला. त्याच्या स्वतःच्या बुटांवर येऊन थांबला.

मग त्याच्या उजव्या बुटाच्या टोकावर कुणीतरी बोटाने वाजवलं. दोनदा.

मोची वळला आणि धावत सुटला. वर. गुडघा, अंधार, कशाचीही पर्वा न करता. फांद्या तोंडावर आपटल्या. पडला, उठला. सपाट दगड आला तसा मागे गेला. मागून पट्ट्यांचा आवाज येत नव्हता. ते जास्त वाईट होतं, तो म्हणाला. आवाज आला असता तर लांब आहे की जवळ ते तरी कळलं असतं.

झाडी संपली आणि वरून आवाज ऐकू आला. बोलण्याचा. संथ, एकसुरी. रेडिओचा.

मोची जागच्या जागी थांबला. आवाज साडूचाच होता. पण मघाशी बूटही साडूचेच होते.

"कोण आहे?" त्याने लांबूनच विचारलं.

"आलात का भाऊ?" आवाज म्हणाला. जीभ जड झाली होती. "झाला का टाका घालून? माझे पाय... पाय मला लागेनासे झालेत हो."

"कसला टाका?"

"असं काय करता? तुम्हीच काढायला लावलेत ना बूट."

मोची जवळ गेला नाही. तिथूनच म्हणाला, "नीट सांग. पहिल्यापासून."

रेडिओने सांगितलं. दात वाजत होते, पण सांगितलं, बोलायचं थांबेल तो रेडिओ कसला. सज्ज्यावर सॅक सापडली, बॅटरी लावली, दहा पावलं उतरलो तर तुम्ही समोरून आलात. म्हटलं गुडघा दुखत असताना कशाला आलात. तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, खिळे असतील तोंडात.

"अंधारात खिळे?"

"सवय असते माणसाची. खाली बसलात. बुटावर टकटक केलीत. म्हटलं बाबा, दिसलं असेल काहीतरी शिवणीचं. काढून दिले. बॅटरीसाठी हात पुढे केलात, तीही दिली. मग म्हटलं, तुम्ही बघताय तोवर बोलून घेतो. एरवी तुम्ही ऐकून कुठे घेता?"

"काय बोललास?"

"ज्यासाठी आलो होतो तेच. आई आमच्याकडे राहतील. घरात बोलणं झालंय, खोलीही आवरलीय. तुमच्याकडे जागा नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तुम्ही उगाच मनाला लावून घेता आणि मग कुणाशी धड बोलत नाही. तुम्ही नुसती मान हलवलीत. आणि बूट घेऊन गेलात. म्हटलं, येतील. चिडले असले तरी येतील."

मोचीला रडू फुटलं. ज्या माणसाचा जन्मभर संशय घेतला तो अनवाणी पायांनी त्याची वाट बघत बसला होता. आणि जिथे खरोखर संशय घ्यायचा, तिथे तो आपलाच टाका बघून मागे-पुढे न बघता चालू लागला होता.

"माझा चेहरा पाहिलास?" त्याने विचारलं.

"चेहरा... मान खाली होती की तुमची. नेहमीसारखी."

मोची पुढे झाला, चाचपडत सॅकमधून काडेपेटी काढली. दोन काड्या विझल्या. तिसरी पेटली. ती त्याने साडूच्या पायांशी नाही धरली, तोंडाशी धरली. रेडिओचे ओठ निळे पडले होते आणि डोळ्यांत पाणी होतं. त्याच्या हनुवटीवर एक तीळ आहे, तो इतक्या वर्षांत मोचीने पहिल्यांदा पाहिला. मग म्हणाला, "आता तू माझं बघ." दोघांनी काडी विझेपर्यंत एकमेकांकडे बघून घेतलं.

खाली उतरायची दोघांचीही छाती नव्हती. चौकी जवळ होती. लोकरी टोप्या साडूच्या पायांवर चढवून, त्यावर मोचीने स्वतःचे बूट कोंबले आणि स्वतः मोज्यांवर चालला. रेडिओला खांद्यावर घेतल्यासारखाच होता. वाटेत त्याला झोप येऊ लागली, तेव्हा मोची त्याला म्हणाला, "बोल. थांबू नकोस. तुझ्या मुलीला गणितात किती पडले ते पुन्हा सांग." चौकीवाल्याने दार उघडलं तेव्हा दोघांनाही उंबरा ओलांडता येत नव्हता.

रेडिओच्या पायांची दोन बोटं काळी पडली होती, पण वाचली. थोडी बधिर राहिली एवढंच. सासूबाई त्याच्याकडे शेवटपर्यंत सुखाने राहिल्या आणि मोची दर रविवारी तिथे जायचा, दाराबाहेरच्या चपला न बघता सरळ आत. बूट सापडले नाहीत. बॅटरीही नाही.

मोचीने मात्र त्यानंतर दुकानावरची खोली सोडली. दुसरीकडे राहायला गेला. तिथूनही उठला. आत्तापर्यंत किती घरं बदलली असतील देव जाणे. लोक म्हणतात विक्षिप्त आहे, घरमालकांशी पटत नाही. तसं नाही. का ते त्याने मला सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओला चौकीवर झोपवून मोची आणि चौकीवाला बूट शोधायला खाली आले. ऊन लख्ख पडलं होतं, पलीकडचे डोंगर बघवत नव्हते इतके पांढरे. झाडीत शिरले. तो सपाट दगड आला, मोची संध्याकाळी ज्यावर वाट बघत बसला होता तो. दगडाच्या पायथ्याशी एक फरशीसारखा चपटा खडक आहे, बसलं की पाय त्यावर टेकतात.

त्यावर दोन पावलं काढलेली होती. पावलांचे ठसे नव्हेत. भोवतीने रेघ ओढून काढलेली. नवीन जोड करायचा असला की मोची गिऱ्हाइकाचा उघडा पाय कागदावर ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवतो, तशी. रेघ एका हाताने, न थांबता ओढलेली. दहाही बोटं वेगवेगळी.

चौकीवाला म्हणाला, पोरासोरांनी काढलं असेल. मोची खाली बसला, बूट काढला, मोजा काढला आणि पाऊल त्या रेघेत ठेवलं. अंगठ्याजवळ त्याचं हाड बाहेर आलेलं आहे. रेघही तिथे तेवढीच बाहेर होती. रात्री त्या दगडावर बसला असताना त्याने बूट काढले नव्हते. हे मी त्याला तीनदा विचारलं. त्या थंडीत कोण काढेल?

त्याने थुंकी लावून रेघ पुसून पाहिली. पुसली गेली नाही.

आणि डाव्या टाचेजवळ एक बारीक फुली होती. चौकीवाल्याचं तिकडे लक्षही गेलं नाही, त्याला त्यात काय कळणार? तशी फुली मोची स्वतःच करायचा, पण एकाच प्रकारच्या मापावर. ज्याचा जोड तयार झाला की गिऱ्हाइकाने न्यायला यायचं नसतं, आपणच त्याच्या घरी नेऊन द्यायचा असतो.